कुलपाची परीक्षा

बाजार समित्यांच्या आवारात एके काळी रुमालाखालचा सौदा सर्रास चालत असे. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याआड एकमेकांचा हात धरीत व बोटे दाबून भाव ठरवीत. या 'हत्ता' पद्धतीत भोवती उभ्या असलेल्या माणसांना आकडा कळत नसे. तरीही बाजारात मुरलेला व्यापारी पुष्कळ काही ताडत असे, कारण त्याची नजर रुमालावर नसे, ती चेहऱ्यावर असे. भुवई किंचित उंचावली, हात क्षणभर अधिक रेंगाळला, की भाव चढला हे तो ओळखी. बोटांची भाषा झाकलेली राही, पण देह फितूर होई.

आज व्यवहाराचे गुपित बोटांत राहिलेले नाही. बँकेच्या कार्डावर जो नखाएवढा सोनेरी चौकोन दिसतो, त्याखालच्या चिपमध्ये ते दडलेले असते. त्या चिपच्या पोटात एक गुप्त अंक, म्हणजेच किल्ली, साठवलेली असते. दुकानातील यंत्रात कार्ड घातले की चिप त्या किल्लीच्या साह्याने गणित करते आणि आपण अस्सल असल्याचा पुरावा देते. किल्ली मात्र कधीही बाहेर काढून दाखवीत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची कार्डे देण्याचे आदेश बँकांना दिले, ते याच कारणासाठी. पट्टीवरील मजकूर सहज उतरवून घेता येत असे. चिपमधील किल्ली तशी उतरवता येत नाही.

ती खरोखरच उतरवता येत नाही, हे कोणी तपासले? या प्रश्नाला वाहिलेली संशोधकांची एक शाखाच गेल्या तीस वर्षांत उभी राहिली आहे.

गणित निर्दोष, देह फितूर

१९९६ साली अमेरिकेतील पॉल कोचर या तरुणाने एक निबंध प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने जीवशास्त्राची पदवी घेतली होती; गूढलेखनाचे शास्त्र हा त्याच्या आवडीचा विषय होता. तोवर जगातील गणिती एकाच दिशेने विचार करीत होते. किल्लीचा अंक इतका मोठा ठेवावा की सर्व शक्यता तपासायला जगातील यंत्रेही अपुरी पडावीत. कोचरने गणिताला हात लावला नाही. गणित करायला यंत्राला किती वेळ लागतो, एवढेच त्याने मोजले.

त्यामागील कारण साधे आहे. आरएसए या प्रसिद्ध पद्धतीत यंत्र किल्लीतील अंक एकेक करून वाचते. अंक शून्य असेल तर एक क्रिया होते. एक असेल तर तीच क्रिया होऊन वर एक गुणाकार अधिक करावा लागतो. अधिक काम म्हणजे अधिक वेळ. असे शेकडो व्यवहार काळजीपूर्वक मोजले की किल्ली हळूहळू उलगडू लागते.

पुढे कोचर आणि त्याचे सहकारी जोशुआ जॅफ व बेंजामिन जून यांनी वेळेऐवजी वीज मोजली. चिपमधील सूक्ष्म कळा शून्यावरून एकावर जाताना थोडी वीज घेतात. कार्ड व यंत्र यांच्यामधील तारेवर ऑसिलोस्कोप लावला की या विजेचा आलेख पडद्यावर उमटतो. एका आलेखातून फारसे काही कळत नाही, कारण त्यात इतर कामांचा गोंगाट मिसळलेला असतो. परंतु हजारो आलेख घेऊन त्यांची सरासरी काढली की गोंगाट परस्पर कटतो आणि किल्लीची सावली तेवढी उरते. १९९८ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले व १९९९ मध्ये सविस्तर निबंध आला. कार्डाला ओरखडाही न उठता किल्ली हाती येऊ शकते, हे तेव्हा चिपनिर्मात्यांना मान्य करावे लागले.

याच सुमारास डॅन बोने, रिचर्ड डीमिलो व रिचर्ड लिप्टन यांनी तिसरी आडवाट दाखविली. चिप गणित करीत असता तिला विजेचा किंवा अन्य प्रकारचा किंचित धक्का दिला, तर एखादे उत्तर चुकते. आरएसएचे गणित जलद व्हावे म्हणून जी दुभागणीची युक्ती वापरली जाते, तिच्यात असे एकच चुकीचे उत्तर किल्ली फोडण्यास पुरेसे ठरते. त्यावरील एक उपाय कोणत्याही पेढीवरील मुनीमाला ठाऊक आहे: उत्तर हातावेगळे करण्यापूर्वी बेरीज पुन्हा तपासून पाहावी. आज चांगली चिप तेच करते. उत्तर पडताळते, आणि चूक आढळल्यास मौन पाळते.

समतोल तराजू

दोष दाखविणाऱ्या संशोधकांनीच पुढे उपायही शोधले. १९९९ साली अमेरिकेतील वूस्टर येथे चेतिन काया कोच व क्रिस्टोफ पार यांच्या पुढाकाराने या विषयाची पहिली परिषद भरली. ती आजतागायत चालू आहे. चिप फोडणारे आणि चिप घडविणारे तेथे एकाच सभागृहात बसतात.

इंग्रिड फरबाउहेडे या बेल्जियन विदुषी व त्यांचे विद्यार्थी क्रिस टिरी यांनी २००४ मध्ये मांडलेली रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. चिपमधील प्रत्येक कळीला त्यांनी उलट वागणारी एक जोडीदार कळ दिली. एक उघडली की दुसरी मिटलेली असते. त्यामुळे आत शून्य असो वा एक, खर्च होणारी वीज जवळजवळ सारखीच राहते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत समान वजन असले की काटा काहीच सांगत नाही, तसा हा प्रकार आहे. दुसरी पद्धत गुपिताची वाटणी करण्याची. किल्लीचा प्रत्येक अंक यादृच्छिक अंकांत मिसळून त्याचे दोन किंवा अधिक हिस्से केले जातात. प्रत्येक वेळी हिस्से बदलतात, आणि कोणत्याही एका हिश्श्यावरून मूळ अंक कळत नाही.

यात खर्च आहेच. जोडीदार कळा बसविल्या की चिपचा आकार वाढतो, वीज अधिक लागते, वेळही लागतो. कार्डे कोट्यवधींच्या संख्येने बनतात. तेथे प्रत्येक पैशाचा हिशेब होतो. किती सुरक्षा किती किमतीत बसवावी, हा प्रश्न या शास्त्रात गणिताइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

झाकलेले कुलूप

खर्च वाचविण्याचा आणखी एक मार्ग पूर्वी लोकप्रिय होता. कुलूप साधेच ठेवायचे आणि त्याची रचना कोणाला सांगायची नाही. हा मार्ग किती कच्चा आहे, ते 'मायफेअर क्लासिक' या चिपच्या प्रकरणात जगाला दिसले.

१९९० च्या दशकात आलेली ही बिनसंपर्काची चिप स्वस्त व सोयीची होती. लंडनचे ऑयस्टर कार्ड, नेदरलँड्सचे प्रवासी कार्ड, असंख्य कचेऱ्यांची दारे तिच्यावर चालत. एनएक्सपी या कंपनीच्या या चिपमधील 'क्रिप्टो-१' नावाची पद्धत गुप्त ठेवलेली होती. २००७ च्या डिसेंबरात कार्स्टन नोल व हेन्रिक प्लॉट्झ यांनी बर्लिनमधील एका परिषदेत आपले काम मांडले. त्यांनी चिपचे थर एकामागून एक घासून काढले, प्रत्येक थराचे सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घेतले, आणि कळांच्या जोडणीवरून झाकलेल्या पद्धतीचा माग काढला.

नेदरलँड्समधील नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठात प्राध्यापक बार्ट याकोब्स यांचा गट स्वतंत्रपणे याच चिपवर काम करीत होता. त्यांनी चिप व यंत्र यांच्यातील संभाषण ऐकून पद्धत उलगडली आणि किल्ली काढून दाखविली. ती किल्ली ४८ बिटांची होती, म्हणजे शक्यता सुमारे २८१ लाख कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आधुनिक यंत्रांपुढे तो तोकडा आहे. शिवाय रचनेतील दोषांमुळे सर्व शक्यता तपासण्याची गरजही उरली नव्हती.

येथे खरा पेच उभा राहिला. मार्च २००८ मध्ये संशोधकांनी सरकारला व कंपनीला आधी कळविले आणि सविस्तर निबंध त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रसिद्ध करण्याचे ठरविले. कंपनीने न्यायालयात धाव घेतली. निबंध बाहेर आला तर चोरांना आयती वाट मिळेल, असे तिचे म्हणणे होते. १८ जुलै २००८ रोजी आर्नहेमच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. नुकसान झाले तर ते प्रसिद्धीमुळे होत नाही, सदोष चिप तयार करून विकल्यामुळे होते, असा त्या निकालाचा आशय होता. ठरल्याप्रमाणे निबंध ऑक्टोबरात स्पेनमधील मालागा येथील परिषदेत सादर झाला.

कंपनीची चिंता पोकळ नव्हती. विकलेली कोट्यवधी कार्डे एका रात्रीत बदलता येत नाहीत. तरीही अचौर्य व्रताच्या दृष्टीने पाहिले तर भेद स्पष्ट दिसतो. तत्त्वार्थसूत्राने या व्रताच्या अतिचारांत हीनाधिक मापांची आणि 'प्रतिरूपक व्यवहारा'ची, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली माल चालविण्याची, गणना केली आहे. या संशोधकांनी कुणाचे काही घेतले नाही. अभेद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचे खरे वजन त्यांनी सांगितले, तेही आधी निर्मात्याला व मग जगाला.

उघडी रचना, गुप्त किल्ली

हा विचार नवा नाही. ऑगस्त केरखॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्येच लष्करी गूढलेखनाविषयी लिहिताना सांगितले होते की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. अमेरिकन सरकारने १९९७ मध्ये नवे मानक ठरविताना हेच तत्त्व पाळले. खुली स्पर्धा जाहीर झाली, १५ प्रस्ताव स्वीकारले गेले आणि जगभरच्या तज्ज्ञांनी ते फोडण्याचा प्रयत्न केला. २००० साली बेल्जियमच्या योआन दामेन व विन्सेंट राइमेन यांची रचना निवडली गेली. 'एईएस' या नावाने ती २००१ पासून मानक आहे. तिची प्रत्येक पायरी कोणीही वाचू शकतो. तिची किल्ली किमान १२८ बिटांची असते. शक्यतांचा आकडा लिहायला ३९ अंक लागतात.

भारतातही या विषयावर मोलाचे काम चालते. खरगपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक देबदीप मुखोपाध्याय यांचा गट चिपमधून झिरपणारी वीज व तिला दिले जाणारे धक्के यांचा अभ्यास करतो. त्यांना २०२१ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

व्यापारी कुटुंबांसाठी या साऱ्याचा अर्थ नित्याच्या व्यवहाराशी जोडलेला आहे. बँकेच्या कार्डातील चिप अशा परीक्षांतून गेलेली असते. गोदामाच्या वा पेढीच्या दाराला लावलेल्या कार्ड-कुलपाबद्दल मात्र तसे गृहीत धरता येत नाही. जुनी मायफेअर क्लासिक आणि तिच्या बरहुकूम बनविलेल्या चिप अजूनही जगभर वापरात आहेत. २०२४ मध्ये फ्रान्समधील क्वार्क्सलॅबच्या फिलिप ट्यूवेन यांनी चीनमध्ये बनलेल्या अशाच एका चिपमध्ये चोरदरवाजा असल्याचे दाखवून दिले; निर्मात्याने ठेवलेली एकच छुपी किल्ली त्या जातीच्या सर्व कार्डांना लागत होती.

म्हणून दाराचे कुलूप घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: आत कोणती चिप आहे, तिची पद्धत एईएससारखी जाहीर व तपासलेली आहे का, आणि कारखान्यातून आलेली मूळ किल्ली बदलून दिली आहे का. 'आमची पद्धत गुप्त आहे, म्हणून ती सुरक्षित आहे,' असे उत्तर मिळाले, तर दुसरे दुकान पाहावे.