धर्मपीठ आणि कुळ – लेखांक सहावा : दिवाडीचे बिशप मातेउस द कास्त्रो

गेल्या लेखांकात आपण कोलोनच्या धर्मपीठावर १४१४ पासून १४६३ पर्यंत विराजमान असलेल्या डीट्रिख फॉन म्योर्स या सरदारपुत्राची कारकीर्द पाहिली. मामाच्या मागून तो आर्चबिशप झाला, त्याचा एक भाऊ म्युन्स्टरचा बिशप झाला, आणि सोएस्ट शहराने त्याचा अंमल झुगारला तेव्हा १४४४ पासून पाच वर्षे त्याने त्या शहराशी हत्यारबंद युद्ध केले. जर्मनीतील त्या काळच्या कित्येक धर्मपीठांचे दार कुळाच्या किल्लीने उघडत असे, हे त्याच्या चरित्रावरून ध्यानात आले. आता आपल्याच भूमीवर या दोहोंचा संबंध कसा होता, याचा विचार करू.

चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांतून सातखणी बुरुजाकडे जाणाऱ्यास जुन्या प्रार्थनामंदिरांचे अवशेष दिसतात. या पोर्तुगीज ठाण्यातील पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या हुकमतीखाली असत, आणि तो आर्चबिशप पोर्तुगालच्या राजाच्या पसंतीने नेमला जाई. पोपने राजास बहाल केलेल्या या आश्रयाधिकारास पाद्रोआदो म्हणत. अहमदनगरच्या निजामशाहीकडून चौलसमोरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला ते साल १५९४, आणि त्याच सुमारास मांडवीतील दिवाडी बेटावर, महाले आडनावाच्या एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात, मातेउस द कास्त्रो यांचा जन्म झाला.

रेइश मागुश येथील फ्रान्सिस्कन पाठशाळेत शिकून तयार झालेल्या या तरुणास गोव्याच्या आर्चबिशपने पौरोहित्याची दीक्षा नाकारली. जर्मनीत जो कुलाभिमान सर्व दारे उघडीत असे, त्याच तोलाच्या कुलाभिमानाची येथे कोणी पत्रासच ठेवली नाही. पोर्तुगीज सत्तेच्या दृष्टीने दिवाडीचा ब्राह्मण हा जित प्रजेपैकी एक होता, एवढेच. परंतु मातेउस खचले नाहीत. ते खुष्कीच्या मार्गाने रोमला पोहोचले, आणि तेथे धर्मप्रसारासाठी १६२२ मध्ये स्थापन झालेल्या प्रोपागांदा फिदे या संस्थेचे चिटणीस फ्रांचेस्को इंगोली यांच्यासारखा पाठीराखा त्यांना लाभला. देशोदेशी तेथलेच धर्मगुरू तयार व्हावेत हे इंगोली यांचे धोरण असल्याने, आपल्या मुलखात नाकारलेली दीक्षा मातेउस यांना रोममध्ये मिळाली.

यानंतरचा प्रसंग मात्र मन विषण्ण करणारा आहे. पोपची अधिकृत पत्रे घेऊन ते गोव्यास परतले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी त्या पत्रांची किंमत ठेवली नाही. धर्मातील सर्वोच्च सत्ताधीशाने दिलेली सनद बाळगूनही ज्याला स्वतःच्या बेटाशेजारी उभे राहण्यास ठाव मिळू नये, त्याची अवस्था काय झाली असेल? ते पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये पोप आठवा उर्बन याच्या कारकीर्दीत, फारसा गाजावाजा न करता, त्यांना क्रिसोपोलिसचे बिशप म्हणून अभिषेक झाला. हे पीठ केवळ नावापुरते होते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे सोपविला गेला तो आदिलशाही मुलूख. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप होत.

पोर्तुगीज हद्दीत त्यांना थारा नव्हता, म्हणून त्यांनी आपले ठाणे नदीपलीकडे डिचोलीस, विजापूरकरांच्या अमलात केले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले, तेव्हा त्या देवासही भक्तांनी हेच पाणी ओलांडून डिचोलीच्या परिसरात नार्वे येथे नेले होते, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. एकाच बेटावरून देवालाही पलीकडे जावे लागले आणि बिशपलाही, याचे कारण एकच होते: पोर्तुगीजांची हद्द तेथे संपत असे.

डिचोलीत त्यांनी तरुणांना शिकवून दीक्षा दिल्या. गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी मात्र त्या मान्य केल्या नाहीत. या झगड्यात मातेउस यांची लेखणी तीव्र झाली. १६५३ मध्ये त्यांनी 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाचे शीर्षक असलेला ग्रंथ पोर्तुगीज भाषेत लिहून गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती समाजास पोर्तुगीज धर्मगुरूंच्या वर्चस्वाविरुद्ध हाक दिली. विजापूरकरांना गोव्यावर चालून जाण्यास त्यांनीच चिथावले, असा आरोप पोर्तुगीजांनी त्यांच्यावर ठेवला.

त्यांच्या या लढ्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे, तथापि एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्यांना त्यांनी हाक दिली आणि ज्यांचा धर्मगुरुपदावरील हक्क त्यांनी मांडला, ते ब्राह्मणच. बेटांवरील शेतकरी, मासेमारी करणारे, ज्यांनी त्याच पाण्याने बाप्तिस्मा घेतला होता, त्यांचा हक्क त्या हाकेत कोठेच ऐकू येत नाही. जन्मामुळे झालेला अन्याय ज्याने सोसला, त्यानेच जन्माचा निकष पुढे चालवावा, हे डीट्रिखच्या युद्धाहूनही अधिक खेदाचे वाटते, कारण डीट्रिखला त्या निकषाचा चटका कधी बसलाच नव्हता.

पुढे मातेउस रोमला गेले ते परतले नाहीत, तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागून आदिलशाही मुलखाचे काम गोव्याचेच कुस्तोदियो द पिन्यो यांच्याकडे आले, आणि दक्षिणेतील कानडा-मलबारकडे बिशप म्हणून गेले ते तोमास द कास्त्रो, मातेउस यांच्याच घराण्यातले. ज्या चौलपासून आपण सुरुवात केली ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले, कोर्लईत मात्र ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली आणि तिची पोर्तुगीज-मिश्रित 'नौ लिंग' ही बोलीही. त्या वस्तीतील सामान्य माणसांचे धर्मगुरूंशी नाते कसे होते, ते पुढील लेखांकात पाहू.