स्वभावाला औषध नसेल, वागण्याला आहे

मागच्या महिन्यात बाजारच्या दिवशी मुरगूडच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी पत्नीसह आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. गोळ्या नियमित, तंबाखू सोडलेली, तरी वरचा रक्तदाब १७० च्या खाली येईना. मी जेवणातल्या मिठाची चौकशी सुरू केली तेव्हा बाई म्हणाल्या, "मिठाचं काय न्हाई डॉक्टर. ह्यांचं डोस्कं गरम हाय, त्याचं काय तरी बगा. दोन म्हैनं झालं, पोराशी बोलत न्हाईत." त्यावर गृहस्थ हसून म्हणाले, "स्वभावाला औषध नस्तंय, डॉक्टर."

या म्हणीच्या आडोशाला मीही बरीच वर्षे राहिलो आहे. गर्दी वाढली की कंपाउंडरवर ओरडायचे, हा माझा नित्यक्रम होता. 'डॉक्टर तापट, पण मनाने चांगले' असे लोक म्हणत, याचा थोडा अभिमानही वाटे. चाळिशीत माझाच रक्तदाब वाढला, तेव्हा या विषयाची पुस्तके मी उघडली. त्यातले थोडे आज वाचकांसाठी.

मानसशास्त्र म्हणजे काय?

मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या नव्हे. माणूस कसा वागतो, कसा विचार करतो आणि का, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. १८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी या विषयाची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून ते स्वतंत्र शास्त्र मानले जाते.

आपले काही वर्तन उपजत असते. तापलेल्या तव्याला हात लागला की तो आपोआप मागे येतो. बाकीचे बरेचसे आपण शिकतो. बाजारात मूल रडते, आई त्याच्या हातावर भजी ठेवते, मूल गप्प होते. पुढच्या बाजारी ते आधीच रडू लागते. ज्या वागण्याने फायदा होतो ते पुन्हा केले जाते, हे अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवले. घरात ओरडले की चहा लगेच मिळतो, हे मोठी माणसेही अशीच शिकतात. जन्मजात प्रवृत्तीचा वाटा असतोच, हेही खरे. एखादे मूल पाळण्यापासूनच चिडके असते. पण प्रवृत्ती म्हणजे वागणूक नव्हे.

वागण्याचे तीन प्रकार

माणसामाणसांतल्या वागण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगतात. उदाहरण आपल्याकडचेच घेऊ. ऊस तोडीला आला आहे, पण आपली पाळी डावलून दुसऱ्याच्या फडात टोळी गेली.

पहिला माणूस गट ऑफिसात जातो, हात जोडतो, काही न बोलता परत येतो आणि रात्रभर तळमळतो. हे दबून वागणे. दुसरा टेबलावर हात आपटतो, चार शिव्या देतो. हे आक्रमक वागणे. तिसरा आपल्या लागणीच्या नोंदीची तारीख दाखवतो, "माझी पाळी आधी होती, ती का बदलली ते सांगा आणि आता टोळी कधी येणार ते लिहून द्या," असे म्हणतो. आवाज चढवत नाही आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलतही नाही. हे ठाम वागणे. यात स्वतःचा हक्कही राहतो आणि समोरच्याचा मानही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही तीन माणसे नव्हेत, हे वागण्याचे तीन प्रकार आहेत. एकच माणूस साहेबापुढे गरीब गाय असतो आणि घरी आल्यावर वाघ होतो. मी त्या गृहस्थांना विचारले, "बँकेत साहेबानं दोन तास बसवून ठेवलं तर ओरडता का?" ते म्हणाले, "तिथं कसं वरडून चालंल?" म्हणजे लगाम त्यांच्याच हातात होता. फक्त घरी आल्यावर तो सुटत होता.

राग आणि हृदय

१९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी माणसांच्या वागण्याचे 'अ' आणि 'ब' असे प्रकार पाडले. सतत घाईत, चढाओढीत आणि चिडलेला तो 'अ'. निवांत तो 'ब'. 'अ' प्रकाराला हृदयविकार जास्त, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या संशोधनात ही विभागणी जशीच्या तशी टिकली नाही. नुसती घाई किंवा कामाची हौस तितकी दोषी ठरली नाही. संशयाची बोट राहिली ती राग आणि मनातल्या वैरभावावर.

फ्रीडमन यांचाच आणखी एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या एका गटाला आहार-औषधांचा नेहमीचा सल्ला दिला, दुसऱ्याला त्याशिवाय वागणे बदलण्याचे शिक्षणही दिले. साडेचार वर्षांत पहिल्या गटातील सुमारे २१ टक्के लोकांना पुन्हा हृदयविकाराने गाठले, दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. वागणे बदलता येते आणि त्याचा उपयोग होतो, एवढे यातून घ्यावे. गोळ्या मात्र कोणीही मनाने बंद करू नयेत.

'च' काढून टाका

बदलायचे कसे? न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही वाचण्याजोगी आहे.

एलिस यांचे म्हणणे असे, की घटना आपल्याला थेट चिडवत नाही. घटना आणि राग यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते. मुलाने न विचारता मोटारसायकल घेतली, ही घटना. 'मुलाने मला विचारायलाच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य' ही समजूत. राग येतो तो त्या 'च' मुळे. 'विचारले असते तर बरे झाले असते' असे म्हणून पाहा. नाराजी राहील, पण डोके फुटणार नाही.

घरी करण्यासारखे एवढेच:

१. एका वहीत आठवडाभर लिहा : राग कधी आला, कोणावर आला, मनात कोणता 'च' होता.

२. बोलताना 'तू असलाच' असे न म्हणता 'तू न सांगता गेलास, मला काळजी वाटली' असे म्हणा.

३. घरच्यांनी 'तापट' असा शिक्का मारू नये. माणूस नीट बोलला त्या दिवशी तेही बोलून दाखवावे.

दोन इशारे

शांत माणूस एकाएकी विचित्र वागू लागला तर त्याला स्वभाव म्हणू नका. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली, थायरॉइड बिघडले, मेंदूला इजा झाली किंवा मानसिक आजार सुरू झाला, तरी असे होते. लगेच डॉक्टरांना दाखवा. दुसरे, घरात मारहाण होत असेल तर ती 'त्यांचा स्वभाव' म्हणून सोसू नये, मदत मागावी. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. वहीत तीनच नोंदी होत्या, तिन्ही संध्याकाळच्या, तिन्ही मुलावरच्या. रक्तदाब १५० होता. गोळीही मी वाढवली होती, तेव्हा श्रेय कोणाचे ते सांगवत नाही. "पोराशी बोलला का?" असे विचारले. ते म्हणाले, "त्यानंच आज गाडीवरनं सोडलंय." मुलगा बाहेर पायरीवर बसला होता.