लुप्त नगरांचा गणितानें शोध

दप्तरांत एखाद्या गांवाचें नांव वारंवार यावें आणि नकाशावर तें कोठेंच सांपडूं नये, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. अशा स्थळांचा माग काढण्याची एक रीत सन २०१९ मध्यें बार्यामोविच, शेनी, जोशार व होर्ताचसू या चौघांनीं प्रसिद्ध केली. पहिले अश्शुरी लेखांचे अभ्यासक, बाकीचे तिघे अर्थशास्त्रज्ञ.

तुर्कस्थानांत कायसेरीजवळ कुलतेपे नांवाचें टेकाड आहे. तेंच प्राचीन कानेश. इसवी सनापूर्वीं १९ व्या शतकाच्या सुमारास अश्शुरचे व्यापारी गाढवांवर कथील व कापड लादून येथें येत आणि सोनें-रुपें घेऊन परत जात. त्यांच्या घरांतून कीलाक्षरांचे हजारों मृत्तिकाफलक निघाले. पैकीं सुमारें १२,००० लेख या विद्वानांनीं हिशेबांत घेतले.

दोन नगरें जितकीं मोठीं तितकी त्यांतील देवघेव अधिक, व अंतर जितकें वाढेल तितकी ती कमी, हा नियम टिनबर्जेन यांनीं १९६२ सालीं राष्ट्राराष्ट्रांच्या व्यापारास लावला होता. येथें अमुक गांवाहून अमुक गांवीं माल अगर माणूस गेल्याचे उल्लेख मोजले. ज्ञात नगरांवरून अंतराबरोबर उल्लेख कोणत्या प्रमाणानें घटतात हें ठरलें. मग अज्ञात नगर कोठें ठेवलें असतां सर्व ज्ञात नगरांशीं त्याचे उल्लेख एकदम जुळतात, तें काढलें. एकाशीं जुळविल्यास नुसतें वर्तुळ हातीं येतें. चौघांपांचांशीं जुळविलें म्हणजे जागा आवळत जाते. नगराचा आकारहि अज्ञातच. परंतु प्रत्येक जोडींत तो एकच असल्यानें तोहि याच समीकरणांतून निघतो.

पुष्कळ ठिकाणीं उत्तर पूर्वीच्या पंडितांच्या तर्काशीं मिळालें. कांहीं ठिकाणीं अनेक मतांपैकीं एकासच दुजोरा मिळाला. अंतराबरोबर व्यापार घटण्याचें प्रमाण आजच्या प्रमाणाजवळच निघावें, याचें मला अधिक आश्चर्य वाटतें. तथापि नैयायिकांच्या भाषेंत हें अनुमान होय. प्रत्यक्ष तें उत्खननच. हातीं येतो तो संभाव्य टापू, कुदळ मारण्याची खूण नव्हे.

एका सावकारी घराण्याचें मोडी दप्तर माझ्या हातीं आलें तेव्हां सनदा व निवाडे मीं जपून ठेविले, आणि भरण्याच्या व हुंड्यांच्या किरकोळ नोंदी निरुपयोगी समजून रद्दींत घातल्या. वरील रीतींत सुट्या कागदास फारशी किंमत नाहीं. किंमत आहे ती संख्येस, आणि निवडून ठेविलेल्या कागदांची मोजणी खोटी पडते. वाचलेल्या चार वह्यांतील गांवांच्या जोड्या सध्यां टिपीत आहें. त्यांवरून नियम बसेल इतक्या त्या खास नाहींत.