उतारवयात संप्रेरक उपचार सुरू करावेत काय?



उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सारेचा ऋतुकाल थांबल्याचा उल्लेख मोकळेपणाने आला आहे. आपल्या घरांतील माताभगिनी मात्र या विषयावर मौनच पाळतात. हे मौन सोडून या उपचारांची माहिती करून घेणे हिताचे आहे.

भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७व्या वर्षी होते. बीजकोशांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक मिळणे जवळजवळ थांबते. त्यामुळे अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोप उडणे असे त्रास होतात व हाडे ठिसूळ होऊ लागतात. ही उणीव औषधाने भरून काढणे म्हणजे एचआरटी. गर्भाशय असलेल्या स्त्रीस इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेनही द्यावे लागते, अन्यथा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

२००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात या संयुक्त उपचाराने स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले आणि जगभर भीती पसरली. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पुढील विश्लेषणातून असे दिसून आले की, वयाच्या साठीपूर्वी किंवा रजोनिवृत्तीनंतर १० वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास निरोगी स्त्रीला सहसा धोक्यापेक्षा लाभ अधिक होतो. त्यानंतर प्रथमच सुरू केल्यास हृदयविकार, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो. योनिमार्गाच्या कोरडेपणावरील अल्पमात्रेचे स्थानिक मलम मात्र उतारवयातही बहुधा वापरता येते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्यांनी, तसेच अकारण रक्तस्राव होत असलेल्यांनी विशेष सावध राहावे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. अशा शस्त्रक्रियेत तरुणपणीच बीजकोशही काढले गेले असल्यास रजोनिवृत्ती एकाएकी येते. अशा स्त्रीस, अन्य अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हे उपचार सुचविले जातात.

संततिनियमनाच्या गोळ्यांतही अशीच संप्रेरके असतात, म्हणून काही भाविकांच्या मनात शंका येते. परमगुरू सहावे पॉल यांनी १९६८ सालच्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात शारीरिक व्याधीवरील आवश्यक उपचार निषिद्ध नसल्याचे स्पष्ट केले आहे.

तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नये आणि केवळ भीतीपोटी नाकारूही नये. नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा अन्यत्र स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. आपले वय, पाळी थांबल्याचे वर्ष व पूर्वीचे आजार स्पष्ट सांगावेत. पती व मुलांनीही आईला हा प्रश्न आपुलकीने विचारावा.