ज्यू धर्म आणि धर्मांतरितांचा प्रश्न

ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन्ही धर्मांना एकेश्वरवादाचा वारसा देणाऱ्या ज्यूंनी स्वतः मात्र धर्मप्रसाराची मोहीम उभारली नाही, याचे कारण पुष्कळदा त्यांच्या वंशाभिमानात शोधले जाते. ते अपुरे आहे. ज्यू धर्माच्या मुळाशी ईश्वर आणि इस्रायल लोक यांच्यातील कराराची कल्पना असून, तोरा या धर्मग्रंथातील, परंपरेने ६१३ मानलेल्या आज्ञा हे त्या करारातून या लोकांवर आलेले ओझे आहे. उरलेल्या मानवजातीकडून नोहाच्या सात आज्ञांचीच अपेक्षा केली जाते: मूर्तिपूजा, ईश्वरनिंदा, हत्या, व्यभिचार, चोरी आणि जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाणे टाळावे, तसेच न्यायालये स्थापावीत. या आज्ञा पाळणाऱ्या अन्यधर्मीयालाही परलोकात वाटा मिळतो, हे मत बाराव्या शतकात मायमोनिडीस यांनी आपल्या धर्मसंहितेत घातले, मात्र त्या ईश्वराज्ञा म्हणून पाळल्या जाव्यात अशी अट जोडून. मूर्तिपूजेचा निषेध यातही आहेच, त्यामुळे ही उदारता सरसकट नव्हे; तरी उद्धारासाठी ज्यू होणे आवश्यक नसल्याने प्रचाराची निकड उरत नाही.

हा विचार सुसंगत असला, तरी इतिहास नेहमी त्याच्याशी जुळत नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हस्मोनी घराण्यातील योहान हिर्कानस याने जिंकलेल्या इदोमी लोकांना सुंता करून ज्यू होण्यास भाग पाडले, आणि पुढे प्रसिद्धीस आलेला हेरोद राजा इदोमी कुळातलाच होता. पहिल्या शतकात आजच्या उत्तर इराकमधील अदियाबेने राज्याच्या राणी हेलेना यांनी स्वेच्छेने हा धर्म स्वीकारला. दार लोटले गेले ते बरेचसे बाहेरच्या दडपणामुळे. रोमन सम्राट अँटोनायनस पायस याने ज्यूंना आपल्याच मुलांची सुंता करण्याची मुभा ठेवून इतरांची करण्यास बंदी घातली. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती सम्राटांचे कायदे कठोर होत गेले आणि इस्लामी राजवटींत इस्लाम सोडणे हा देहदंडाचा अपराध ठरला. १२२२ साली ऑक्सफर्ड येथे ज्यू धर्म स्वीकारलेल्या एका ख्रिस्ती धर्मसेवकाला जाळण्यात आले. अशा काळात नवागताला घेणे म्हणजे साऱ्या वस्तीचा जीव टांगणीला लावणे होते. धर्मतत्त्वाला परिस्थितीने दिलेली ही जोड लक्षात न घेता अलिप्ततेला केवळ सहिष्णुता म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

इच्छुकाला कसे वागवावे, हे तालमूद या विवेचनग्रंथात तपशिलाने आले आहे. इस्रायल लोक पीडित व तुच्छ लेखले गेलेले असताना तू का येतोस, असे त्याला विचारावे. हे ठाऊक असून आपण त्यास पात्र नाही, असे तो म्हणाला, तर त्याला लगेच स्वीकारावे व काही सोप्या, काही अवघड आज्ञा समजावून द्याव्यात. त्यानंतर तिघांच्या धर्मन्यायपीठासमोर आज्ञांचा स्वीकार, पुरुषाची सुंता आणि मिकवे या धार्मिक स्नानकुंडात पूर्ण बुडी एवढे झाले, की तो सर्वार्थाने ज्यू होतो आणि त्याच्या पूर्वायुष्यावरून त्याला हिणवणे निषिद्ध ठरते. दावीद राजाची पणजी रूथ ही मूळची मवाबी होती, हे परंपरा अभिमानाने सांगते.

आधुनिक काळात सारेच एकमताचे नाहीत. १९७८ साली अमेरिकेतील सुधारणावादी ज्यूंचे नेते रब्बी अलेक्झांडर शिंडलर यांनी मिश्रविवाहितांच्या जोडीदारांना व कोणत्याही धर्मसंस्थेत नसलेल्यांना आवाहन करण्याचा आग्रह धरला, तर सनातनी धर्मन्यायपीठे कसोटी कडकच ठेवतात. या दक्षतेची झळ जन्माने ज्यू असलेल्यांनाही बसते. शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे कोकणात शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायलींनी आपला धर्म शेजाऱ्यांवर लादला नव्हता. मात्र इस्रायलमध्ये गेल्यावर विवाहाच्या वेळी त्यांच्याच वंशावळीची चौकशी करण्याचे आदेश निघाले आणि १९६४ साली निदर्शने झाल्यावर ते बदलण्यात आले.