एका फायबरवर बत्तीस घरं

घरातल्या वायफायच्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला, की दुरुस्तीला आलेला मुलगा बारीक वायर काढून पॉवर मीटरला लावतो आणि म्हणतो, ‘मायनस एकोणतीस येतंय, चालायचं नाही.’ हा आकडा म्हणजे तुमच्या दारापर्यंत पोचलेला प्रकाश. फायबर स्वस्तात घरोघरी न्यायची, तर याच प्रकाशाची नीट वाटणी करावी लागते.

एक्सचेंजपासून प्रत्येक घराला वेगळी फायबर ओढली, तर तिकडे तेवढेच लेझर आणि तेवढेच पोर्ट लागतील. त्याऐवजी वस्तीपर्यंत एकच फायबर आणतात आणि स्प्लिटरने 32 घरांत वाटतात. काचेच्या या छोट्या तुकड्याला वीज लागतच नाही. भारनियमनाच्या गावात ही केवढी मोठी सोय आहे!

मात्र दोन वाटे केले की प्रकाश निम्मा होतो. प्रत्यक्षात तोटा निम्म्याहून थोडा जास्त, प्रकाशाची घट मोजायच्या मापात साडेतीन डेसिबलचा. 32 वाट्यांत सुमारे 17 डेसिबल जातात. अशा वाटणीच्या नेहमीच्या पद्धतीच्या, म्हणजे जीपॉनच्या, गाठीला असतात 28. उरलेल्या 11 पैकी 20 किलोमीटर फायबर 7 खाते, बाकीचे सांध्यांत आणि कनेक्टरांत जातात. घरं 64 केली, की आणखी साडेतीन गेले, म्हणजे दहाएक किलोमीटरचा पल्ला कमी झाला. शहरातल्या दाट सोसायट्यांना हे परवडतं, कोकणातल्या लांब लांब पसरलेल्या वाड्यांना नाही. 2011 साली मंजूर झालेल्या योजनेने, आजच्या भारतनेटने, जीपॉनवरच ग्रामपंचायती जोडायला घेतल्या. पंचायतीपासून पुढच्या वाड्यांसाठी मला असमान स्प्लिटर योग्य वाटतो. पहिल्या वाडीला दहा टक्के प्रकाश, बाकीचा पुढे. एकच फायबर रस्त्याच्या कडेने वाडी-वाडी घेत जाते.

सगळी घरं एकदम बोलू लागली तर? एक्सचेंज पाळ्या लावून देतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात. म्हणून प्रत्येक घराचं अंतर आधी मोजून जवळच्याला जरा थांबवलं जातं. एकाची न वापरलेली पाळी गरज असलेल्या दुसऱ्याला मिळते.

खाली येणारे अडीच गिगाबिट अपुरे पडू लागले, तर त्याच फायबरवर वेगळ्या तरंगलांबीने दहा गिगाबिटची एक्सजीएस-पॉन सेवा सोडता येते. जुने ग्राहक 1490 नॅनोमीटरवर, नवे 1577 वर. रस्ता पुन्हा खोदावा लागत नाही, आणि फायबरच्या खर्चात मोठा वाटा खोदकामाचाच असतो.