घाम मोजता येतो, घालमेल?

सामन्याची शेवटची ओव्हर, जिंकायला आठ धावा. सोफ्याच्या काठावर बसलेल्या गृहस्थांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि कळवतं, ‘ताण वाढला आहे, दीर्घ श्वास घ्या.’ गृहस्थ तर मजेत आहेत! घड्याळ बिघडलेलं नाही. त्याने मोजायचं ते बरोबर मोजलं, अर्थ लावताना फसलं. अंगावरच्या सेन्सरवरून माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या अख्ख्या उद्योगाची गोम इथेच आहे.

घड्याळ काढून पालथं करा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्ताची लाट येते, तेव्हा परत फिरणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पण खरा ऐवज दोन ठोक्यांमधल्या अंतरात असतो. आत्ता, बसल्या जागी दोन बोटं नाडीवर ठेवा. सावकाश खोल श्वास घ्या, तसाच सावकाश सोडा. घेताना नाडी जराशी पळते, सोडताना मंदावते. निवांत, निरोगी माणसाचं हृदय असं मागेपुढे होत असतं. ताण आला की हा लवचीकपणा आटतो, ठोके एकसुरी पडू लागतात. ‘स्ट्रेस स्कोअर’ म्हणून जो आकडा पडद्यावर येतो, तो मुख्यतः यातूनच काढलेला असतो.

दुसरा संकेत घामाचा. तळहात-तळपायांवर घामाच्या ग्रंथींची दाटी असते आणि त्यांना हुकूम सोडणारी सिंपथेटिक मज्जासंस्था आपल्याला विचारत नाही. जरा दचकलो की ग्रंथी भरतात. घाम डोळ्यांना दिसला नाही तरी त्वचेतून वीज अधिक सहज वाहू लागते, आणि दोन इलेक्ट्रोड हा फरक टिपतात. फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी १८८८ मध्ये हा परिणाम नोंदवला. पुढे कार्ल युंग यांनी माणसांना एकेक शब्द ऐकवून गॅल्व्हानोमीटरचा काटा कुठे हलतो ते पाहिलं. पोलिसांचा पॉलिग्राफ याच घराण्यातला.

पण घाम नेमका कशाचा? भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत. स्वेद, रोमांच, कंप, अश्रू वगैरे, म्हणजे नटाच्या अंगावर दिसायला हवीत अशी मनाची चिन्हं. त्यातल्या स्वेदाची कारणं सांगताना राग, भीती, हर्ष, लाज, दुःख यांच्याच पंगतीला श्रम, आजारपण आणि उकाडाही बसवला आहे. सेन्सरवाल्यांचं दुखणं नेमकं हेच. मे महिन्यात दादरला लोकलमधून उतरलेल्या माणसाचा घाम भीतीचा की गर्दीचा, हे त्वचेतून वाहणाऱ्या विजेला कसं कळावं? शरीर खवळलंय एवढं तिला कळतं. कशाने, ते नाही.

यंत्राने भावना ओळखायच्या या शास्त्राला ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हे नाव दिलं ते एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी, आणि १९९७ मध्ये त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाच व्यक्तीच्या आठ भावस्थिती बऱ्याच दिवसांच्या नोंदींवरून ओळखून दाखवल्या. यश ८१ टक्के. त्याच निबंधातली एक नोंद मला त्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. एकाच दिवसातल्या निरनिराळ्या भावनांचे संकेत एकमेकांशी जितके जुळत, तितका कालचा राग आजच्या रागाशी जुळत नसे. झोप, जेवणखाण, हवा, सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं असतं. २०१८ च्या ‘वेसाड’ या गाजलेल्या माहितीसंचात ताण आहे की नाही, एवढंच विचारलं तेव्हा उत्तर ९३ टक्क्यांपर्यंत बरोबर आलं. मौजेचा तिसरा पर्याय ठेवताच ते ८० वर उतरलं. माणसं अवघी १५, तीही प्रयोगशाळेत, आणि ताण म्हणजे परीक्षकांपुढे भाषण व तोंडी आकडेमोड. सासरच्या माणसांसमोर गिळलेला राग त्यात कुठून येणार?

तरीही हे सगळं फुकाचं म्हणता येत नाही. पिकार्ड यांच्या एका विद्यार्थ्याने ऑटिझम असलेल्या, बोलू न शकणाऱ्या आपल्या धाकट्या भावासाठी घाम मोजणारे दोन मनगटी पट्टे सुट्टीत घरी नेले. एका मनगटाचा आलेख एकदम आभाळाला भिडला, दुसरा सपाट. पट्टा बिघडला असं आधी पिकार्ड यांना वाटलं. चौकशी केल्यावर कळलं, त्याच सुमाराला मुलाला फिट आली होती. त्या धाग्यावरून पुढे काम झालं आणि २०१८ मध्ये फिट ओळखून घरच्यांना कळवणाऱ्या ‘एम्ब्रेस’ या मनगटी यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. भावना शोधायला निघालेलं यंत्र आजारात उपयोगी पडलं.

हेच आकडे साहेबाच्या टेबलावर गेले की मात्र गोष्ट बदलते. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत शारीरिक संकेतांवरून भावना ओळखणाऱ्या एआय प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली; सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणासाठी. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात पॉलिग्राफ, नार्को वगैरे चाचण्या कुणावरही बळजबरीने करता येणार नाहीत, असा निकाल दिला. तो आरोपीच्या कामी येतो. कर्मचाऱ्याचं काय? नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकेने जीपीएसची घड्याळं बांधलीही होती. अशा घड्याळांत नाडीचा सेन्सर बसवायला कितीसा खर्च? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, कडक वर्ग नाही. उलट नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला आहे. ही पळवाट बुजवायलाच हवी.

तोवर, कंपनीने ‘वेलनेस’च्या नावाखाली घड्याळ फुकट दिलं तर हे आकडे कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि पगारवाढीच्या बैठकीत ते निघणार का, हे लेखी मागा. उत्तर येईपर्यंत घड्याळ खोक्यातच राहू द्या.